वडापची पायरी

आमच्या घरी सकाळ व्हायची ती जीपच्या खोकल्यानं. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते, आणि पेन्शनवर आल्यावर त्यांनी फौजेच्याच लिलावातून ही जीप उचलली होती. थंडीत ती पहिल्या हाकेला उठायची नाही. आण्णा पुढून हँडल मारायचे, ती दोनदा खोकून गप्प व्हायची, मग आण्णा तिच्याशी हिंदीत बोलायचे. "चल बेटा, उठ जा." आमच्याशी मराठी आणि गाडीशी हिंदी, असा त्यांचा नेम होता. आम्हा भावंडांना त्यांनी आयुष्यात कधी बेटा म्हटलं नाही. तोवर आईची चूल पेटलेली असायची, तव्यावरची भाकरी फुगत असायची, आणि रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलचा धूर भाकरीच्या वासात मिसळून घरात शिरायचा. आजही पेट्रोल पंपावर उभी राहिले की मला भूक लागते. डॉक्टर म्हणतात ते साखरेमुळं.

ही जीप वडापला होती. आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगते, की एसटी जिथं जात नाही, किंवा जाते पण थांबत नाही, तिथं माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी गाडीला वडाप म्हणतात. कोरेगावच्या बाजारादिवशी आमच्या जीपमध्ये माणसं, कोंबड्या, एखादं करडू आणि नव्या नवरीची ट्रंक असं सगळं एकदम बसायचं, आणि तरी आण्णा म्हणायचे, "सरका जरा, आजून एक बसतंय." मागं समोरासमोर दोन बाकं होती, टपावर कॅरिअर होतं, मागच्या फळीवर आमच्या वस्तीतल्या पोरांनी रंगवलेलं निळं चक्र होतं, आणि पुढं आईच्या बाजूला एक लोखंडी पायरी होती.

त्या पायरीबद्दल नीट सांगायला हवं. आई तरुणपणी पाटाच्या कडेवरून घसरून पडली होती आणि तिचा डावा खुबा नीट जुळला नव्हता. ती चालायची, पण पाय उचलून उंचावर ठेवायचा म्हटलं की तिचा चेहरा पांढरा पडायचा. जीपचा काठ तर गुडघ्याच्याही वर. म्हणून गाडी घरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आण्णांनी कोरेगावच्या वेल्डरकडं नेऊन खरबरीत पत्र्याची, पदर अडकणार नाही अशी गोल कडांची पायरी बसवून घेतली. आण्णांनी आईला उभ्या आयुष्यात साडी निवडून आणली नाही, पण पायरीची उंची ठरवायला त्यांनी तिला वेल्डरच्या दुकानात सगळ्यांसमोर पाय उचलायला लावला होता. "हितवर येतोय? का आजून खाली घिऊ?" आई लाजेनं लाल झाली होती, असं ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना पुन्हा व्हायची. पुढची सीट तिची. कितीही गर्दी झाली तरी ती सीट आण्णांनी कधी दुसऱ्याला दिली नाही.

मी साताऱ्याला कॉलेजात जायला लागले तोवर वडाप बंद झालं होतं. आण्णांचे डोळे अधू झाले होते आणि नव्या, लांबड्या गाड्यांनी लाइन बळकावली होती. जीप दारात उभी असायची. बाजाराला आणि दवाखान्याला निघायची, एवढंच. अशात एका रविवारी कोरेगावच्या बाजारात मेजर भेटले.

मेजर सांगलीचे. जुन्या गाड्या पाळणाऱ्या मंडळींचा तिथं एक क्लब होता आणि मेजर त्याचे अध्यक्ष. डोक्यावर तिरकी टोपी, अंगावर खिशाखिशांचा हिरवा शर्ट, कमरेला पिस्तुलाचं रिकामं पाकीट अडकवलेला जाड पट्टा. त्यांना बघून आण्णांचे पाय आपोआप जुळले. कडक सॅल्यूट मारून त्यांनी विचारलं, "कौनसी पलटन, साब?"

मेजर हसले. "अहो छे छे, मी फौजेत नव्हतो. मित्र लाडानं म्हणतात."

यानंतर दुसऱ्या कुणी सॅल्यूट परत घेतला असता. आण्णांचा हात मात्र थोडा वेळ तसाच राहिला. फौजेनं त्यांना पुष्कळ शिकवलं होतं, पण चुकीच्या माणसाला मारलेल्या सॅल्यूटचं काय करायचं हे शिकवलं नव्हतं.

मेजरनी जीपभोवती फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं आणि आत वाकून ओरडले, "इंजिन ओरिजिनल! अहो, हे आहे काय तुमच्याकडं?" आण्णांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी पुन्हा एकदाच पाहिलं, माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला तेव्हा. क्लबची दोन दिवसांची सहल ठरली होती. ठोसेघरच्या पुढच्या पठारावर, रस्ता सोडून, तंबूत मुक्काम. रविवारी सकाळी गाड्यांची पारख, जी जशी कंपनीतून निघाली तशी असेल तिला मान, आणि पारखलेल्या गाडीच्या मालकाला क्लबात प्रवेश. "तुम्ही या. सहकुटुंब या. फक्त हे जरा..." मेजरनी कॅरिअरकडं, बाकांकडं बोट केलं. मग मागच्या चक्राकडं. "हे काही फॅक्टरीतनं आलेलं नाही ना?"

"न्हाई साहेब," आण्णा म्हणाले.

मेजरच्या स्वतःच्या जीपवर वीतभर भगवा झेंडा फडकत होता. तो कुठल्या फॅक्टरीतून आला होता, हे मी विचारलं नाही. कॉलेजात पुस्तकं वाचून मला बरेच प्रश्न सुचायला लागले होते, पण ते घरी आल्यावरच सुचायचे.

पुढचे काही दिवस घरात गाडीशिवाय विषय नव्हता. बाकं निघाली, त्यांवर आईनं सरपण रचलं. कॅरिअर निघालं, त्यावर घेवड्याचा वेल चढवला. चक्रावर हिरवा रंग चढला. वस्तीतली पोरं येऊन बघून गेली. एक जण जाता जाता म्हणाला, "आण्णा, गाडी लय साधी दिसाय लागली." आण्णांना ते कौतुक वाटलं.

निघायच्या दिवशी आईनं खर्डा, शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी आणि भाकऱ्या बांधून घेतल्या. ठेवणीतली जांभळी साडी नेसली. अंगणात येऊन तिनं सवयीनं डावा पाय उचलला आणि तो हवेतच राहिला.

"आवं, पायरी कुठाय?"

"काढली," आण्णा चाकाकडं बघत म्हणाले.

"का?"

"कंपनीची नव्हती."

आईनं पाय खाली ठेवला. "मी तरी कुटं कंपनीची हाय?" ती म्हणाली.

आण्णांनी घरातलं बुटकं लाकडी स्टूल आणलं, ज्यावर बसून ती भाकऱ्या थापायची तेच. आईनं एका हातानं माझा खांदा आणि दुसऱ्या हातानं काचेची चौकट धरली आणि कशीबशी चढली. स्टूल मागं टाकलं. "दोन दिसांचं काम हाय," आण्णा म्हणाले, "पुन्हा लावू की." कापलेली पायरी न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

साताऱ्यात सगळ्या गाड्या जमल्या. मेजरनी शिट्टी वाजवून रांग लावली. पुढं ते स्वतः, मग कारखान्याच्या संचालकांचे चिरंजीव, मग डॉक्टर, मग बिल्डर, आणि आण्णांना म्हणाले, "तुम्ही शेवटी या." आण्णांची छाती फुगली. गाडीत बसल्यावर त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. फौजेच्या ताफ्यात शेवटची गाडी कुणालाही देत नाहीत. ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा, त्याला शेवटी ठेवतात. पुढच्या कुणाची गाडी बिघडली, कुणी मागं राहिलं, तर त्याला घेऊन येण्याची जबाबदारी त्याची. मग मला म्हणाले, "पैल्याच खेपंला लास्ट गाडी दिली बघ, सुमे. मानूस पारखलं त्यानं." एवढ्यात क्लबचा आचारी आला आणि आमच्या गाडीत पातेली, पाण्याचे जार, घडीच्या खुर्च्या आणि तांदळाचं पोतं भरून गेला. एक परात उरली, ती त्यानं आईच्या मांडीवर दिली. आण्णांनी ते बघितलं. पण त्यांच्या डोक्यातला ताफा निघालेला होता, तो आता थांबणार नव्हता.

शेवटच्या गाडीचा आणखी एक अर्थ असतो. पुढच्या सगळ्यांची धूळ तिच्या वाट्याला येते. पठारावर पोहोचेपर्यंत आईची जांभळी साडी विटकरी झाली होती. शिमगा होऊन गेला होता, गवत वाळून पिवळं पडलं होतं, तांबड्या मातीला भेगा होत्या. आता चिखल नसेल तर साहस कसलं? म्हणून क्लबनं आदल्या दिवशीच पाण्याचा टँकर पाठवून एका खळग्यात चिखल करून ठेवला होता. त्यात एकेक जीप घालायची, चाकं फिरवायची, अंगावर चिखल उडवून घ्यायचा आणि ओरडायचं. वरच्या वाडीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन झऱ्याकडं निघाल्या होत्या, त्या थांबून बघत राहिल्या. त्यांतली एक आईजवळ येऊन म्हणाली, "काय हरवलंय का वं त्येंचं चिखलात?"

"व्हय," आई म्हणाली. "कवाधरनं हुडकत्यात."

दोघी खूप हसल्या. त्या दोन दिवसांत आई मनापासून हसली ती तेवढीच.

दुपारी बायकांच्या घोळक्यात आईचे डबे उघडले गेले. बिल्डरच्या पत्नीनं वास घेऊन डोळे मिटले. "अय्या, अस्सल गावाकडचं! मावशी, आम्हाला चुलीवरच्या भाकऱ्या करून द्याल? फोटो काढायचाय." आई तीन दगड मांडून त्याच स्टुलावर बसली आणि भाकऱ्या थापायला लागली. फोटो झाले. ढीग उंच होत गेला. मग कुणीतरी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, तुमचं आडनाव काय म्हणालात?" आईनं सांगितलं. पीठ मळता मळता, वर न बघता. थोड्या वेळानं एकीला आठवलं की आज शनिवार, तिचा उपास असतो. मग दुसरीलाही आठवलं. सकाळी साताऱ्यात दोघींनी मिसळ खाल्लेली मी पाहिली होती, तर्री मागून घेऊन. आचाऱ्यानं भात लावला, तो सगळ्यांनी खाल्ला. पूर्वीसारखं कुणी काही बोललं नाही, कुणी ताट वेगळं केलं नाही. सगळं इतकं सभ्यपणे झालं की भांडायलासुद्धा जागा नव्हती. पुढं नोकरीत मी हा प्रकार इतक्यांदा पाहिला, की कुणी फार गोड आवाजात आडनाव विचारलं की मी आधी घड्याळात बघते, हिचा उपास किती वाजता सुरू होणार म्हणून.

उरलेल्या भाकऱ्या आईनं फडक्यात बांधून हंडेवालीला दिल्या. आण्णा तिकडं लांब, फडकं ओलं करून बॉनेट पुसत होते. त्यांना सकाळच्या पारखीची काळजी होती. मी काही सांगायला गेले तर म्हणाले, "उद्याचं काम होऊन जाऊ दे, मग बोल." संध्याकाळी क्लबनं शेकोटी केली आणि मेजर शिस्त, बंधुभाव आणि मातीशी नातं या विषयांवर बोलले. आण्णा टाळ्या वाजवत होते. आम्ही मायलेकी गाडीला टेकून जमिनीवर बसलो होतो. शेकोटी चांगली ढणढणत होती.

ती का ढणढणत होती हे सकाळी कळलं. आई स्टूल शोधत होती. राखेत एक पाय तेवढा अर्धवट जळालेला सापडला. आचारी म्हणाला, "पोरांनी लाकूड समजून टाकलं असंल." कुणी मुद्दाम केलं नव्हतं. शपथेवर सांगते, त्या सहलीत कुणी काही म्हणजे काही मुद्दाम केलं नाही. आईनं तो पाय उचलला, झटकला आणि पुन्हा राखेत ठेवला.

मग पारख झाली. गाड्या ओळीत, मालक आपापल्या गाडीशेजारी. मेजर आणि पुण्याहून आलेले एक जाणकार पाहुणे एकेका जीपपाशी थांबत, खाली वाकत, नटबोल्टांवर बोट फिरवत येत होते. आण्णा आपल्या गाडीशेजारी सावधानमध्ये उभे होते, हनुवटी वर, मुठी शिवणीला. पाहुणे आमच्या गाडीपाशी आले, थांबले आणि बॉनेटला हात घालणार, तोच मेजर म्हणाले, "ही नको, ही आपली सामानाची गाडी." पाहुण्यांनी मान हलवली. दोघं वळले आणि मानाच्या गाडीला हार घालायला गेले. टाळ्या झाल्या. आण्णा अजून सावधानमध्येच होते. विश्राम म्हणायला कुणीतरी हवं असतं.

मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला त्यांचा इतका राग येत होता, की रडू येतंय हे मला कळलं नाही. आई आली आणि त्यांच्या हाताला धरून म्हणाली, "चला. झालं आता."

परतीची शिट्टी झाली. ताफा पलीकडच्या अंगानं, दगडधोंड्यांच्या वाटेनं खाली उतरणार होता आणि पायथ्याला सगळ्यांचं जेवण होतं. जेवणाची पातेली अर्थातच आमच्या गाडीत. आई काठाशी उभी राहिली. चढायला काही नव्हतं. आण्णांनी पालथं पातेलं ठेवून बघितलं, ते डगमगलं. एवढ्यात मेजर आणि दोघे तिघे उत्साहानं धावत आले. "अरे, मावशींना उचलून ठेवूया! धरा रे, एक, दोन..." एक जण हसत हसत कॅमेरा सरसावून पुढं आला.

आई मागं सरकली. तिनं पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. "हात लावू नका," ती म्हणाली. "मी काय गुळाची ढेप हाय व्हय उचलून ठिवायला?"

मग आण्णांकडं वळून, एवढ्याशा आवाजात: "तुमी जावा ताफ्याबरुबर. मी जाती वडापनं."

आणि ती चालायला लागली. डांबरी रस्त्यापर्यंत बरंच अंतर होतं आणि उतार होता. तिचा खुबा प्रत्येक पावलाला एका बाजूला झुकत होता. मी पिशवी घेऊन मागं धावले. एकदा वळून पाहिलं. ताफा निघाला होता. आण्णा स्टिअरिंगवर बसले होते, आणि ते ताफ्याच्या मागं निघाले. ते मी पाहिलं, आईनं पाहिलं नाही. तिनं मागं वळून बघितलंच नाही.

रस्त्याला लागल्यावर वडाप मिळालं. गच्च भरलेलं. ड्रायव्हर कोवळा पोरगा होता, खिडकीतून ओरडला, "या मावशी, सरका रं, आजून दोन बसत्यात!" मागच्या दाराला पायरी होती, माणसांच्या चपलांनी घासून चकचकीत झालेली. आईनं तिच्याकडं क्षणभर बघितलं, मग डावा पाय ठेवला आणि सहज वर चढली. कुणाचा हात लागला नाही.

अर्धा घाट उतरल्यावर मागून हॉर्न ऐकू आला. आमच्या जीपचा. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. मागच्या काचेतून दिसलं, आण्णा एकटेच येत होते. ताफा सोडून. वळणावळणाला पातेल्यांचा खणखणाट आमच्यापर्यंत येत होता, सगळ्या क्लबचं जेवण त्यांच्या पाठीशी होतं. फौजेत ताफा सोडणाऱ्याला भगोडा म्हणतात. आण्णांच्या तोंडून तो शब्द मी फक्त शिवी म्हणूनच ऐकला होता.

ते पुढं आले नाहीत. घाटात जागा मिळाली, खाली सरळ रस्ता लागला, तरी त्यांनी वडापला ओलांडलं नाही. आम्ही थांबलो की थांबायचे, निघालो की निघायचे. ड्रायव्हर आरशात बघून वैतागला. "मावशी, मागं कुनीतरी जुनाट जीप लागलीया. पुढंबी जाईना आन् मागंबी ऱ्हाईना. वळखीचं हाय का कोन?"

गाडीतल्या सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. आई समोरच बघत होती. "आसंल," ती म्हणाली. "हौशी मानूस दिसतोय."

साताऱ्याला गाडी बदलून आम्ही कोरेगावच्या वडापमध्ये बसलो. जीप तिथंही मागं होती.

त्या दुपारी क्लब उपाशी राहिला, असं नंतर कळलं. आण्णांनी पातेली घासून सांगलीला पोहोचती केली आणि मेजरचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. त्याच आठवड्यात ते पायरी घेऊन वेल्डरकडं गेले आणि ती होती तिथं, होती त्या उंचीवर बसवून आणली. जोड मात्र दिसायचा, जाड, गाठीगाठींचा. बाजारादिवशी त्यांनी जीप दारात आणून हॉर्न वाजवला. आई पिशवी घेऊन बाहेर आली, जीपच्या बाजूनं गेली आणि कोपऱ्यावर वडापला हात केला. भांडण नाही, अबोला नाही. ती आण्णांना जेवायला वाढायची, त्यांचे पाय चेपायची, त्यांच्या डोळ्यांत औषध घालायची. फक्त त्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. शेवटच्या आजारातसुद्धा दवाखान्यात नेताना तिनं विचारून घेतलं, "गाडी कुनाची हाय?" कितीतरी बाजार आण्णा रिकामी सीट घेऊन तिच्या वडापच्या मागून गेले आणि मागून आले. दोघंही गेल्यावर भावानं जीप विकली. घेणारे होते मेजरचे चिरंजीव. देण्याआधी मी वेल्डरच्या मुलाला बोलावून पायरी कापून घेतली.

परवा त्या चिरंजीवांचा फोन आला. फार अदबीनं बोलतात. आता म्हणे लोकांना नुसती कंपनीतून निघाल्यासारखी गाडी नको असते, गाडीचं आयुष्य दिसायला हवं असतं. वडापची जीप म्हटल्यावर प्रदर्शनात गर्दी होते. त्यांनी बाकं नवी करून घेतलीत, कॅरिअर बसवलंय. हिरवा रंग खरवडल्यावर खाली निळं चक्र निघालं, तेही ठेवलंय म्हणे, फार सुंदर दिसतं. पण जुन्या एका फोटोत पुढच्या बाजूला एक पायरी दिसते, ती काही सापडत नाही. तुमच्याकडं असेल का?

मी पलंगाच्या कडेला बसले होते. खुबा आता माझाही तसाच झालाय. पलंग उंच आहे, म्हणून खाली पायरी ठेवलेली असते आणि माझे दोन्ही पाय तिच्यावर होते.

"नाही," मी म्हटलं.

"अरेरे," ते म्हणाले. "त्या पायरीशिवाय गाडी अपुरी वाटते हो."

"व्हय," मी म्हटलं. "आमच्या आईलाबी तसंच वाटलं हुतं."